संगणकाची पदवी आणि अकरावीचा अर्ज
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"संगणकशास्त्रातील पदवी शिक्षण : वाटा व पात्रता" असा विषय मला देण्यात आला आहे. मी संगणकाचा माणूस नव्हे. बी.ए., बी.एड. होऊन हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवतो. परंतु दर वर्षी जून उजाडला की पालक दाखल्यांची पिशवी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभे राहतात आणि म्हणतात, "सर, पोराला कॉम्प्युटर लाइनला टाकायचंय." कोणी धुळ्यात यंत्रमागावर काम करणारा असतो, कोणी रावेरहून केळीचा ट्रक चालवणारा, कोणाचे भुसावळला पंक्चरचे दुकान असते. त्यांच्याबरोबर बसून अर्ज भरता भरता, माहितीपुस्तिका वाचता वाचता जे कळले तेवढेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की "कॉम्प्युटर लाइन" नावाची एकच लाइन नाही. निरनिराळ्या पदव्या आहेत, त्यांची दारे निरनिराळी आहेत आणि प्रत्येक दाराचे कुलूप वेगळे आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही कुलपे बारावीच्या निकालानंतर लागत नाहीत. ती अकरावीला विषय निवडतानाच लागतात, आणि त्या वेळी घरात कोणाचे तिकडे लक्षही नसते. दहावीचा निकाल लागलेला असतो, पेढे वाटलेले असतात, आणि विषयांचा रकाना सायबर कॅफेवाला भरतो. माझे आजचे सगळे बोलणे त्या रकान्याविषयी आहे, असे समजा.

आपल्या भागाचे थोडे सांगतो. खान्देशातील कॉलेजे पूर्वी पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, असे तीन जिल्हे आज त्याच्या क्षेत्रात येतात. २०१८ साली विद्यापीठास आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जी बाई कधी शाळेत गेली नाही तिच्या नावाने आज आपली मुले पदवी घेतात, हा योग मला फार आवडतो. विद्यापीठाचा परिसर गिरणेपलीकडे बांभोरीला आहे. तेथे संगणकशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. परंतु तेथील एम.सी.ए., एम.एस्सी. हे पदवीनंतरचे शिक्षण झाले. बारावीनंतरची बी.एस्सी. व बी.सी.ए. ही पदवी संलग्न कॉलेजांतून मिळते.

इंजिनिअरिंगची गोष्ट निराळी. १९८३ साली राज्य शासनाने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्याच साली बांभोरीचे कॉलेज सुरू झाले. पुढे १९९६ साली जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, २००१ साली शिरपूरचे आर. सी. पटेल यांच्या नावाचे कॉलेज. धुळे आणि फैजपूर येथेही कॉलेजे आहेत. तथापि २०१७ नंतर खान्देशातील अनेक इंजिनिअरिंग कॉलेजे रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली. म्हणजे कॉलेज आपल्या गावचे आणि पदवीवर नाव लोणेऱ्याचे, असे होऊ शकते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मागे एक वडील "आम्हाला फसवले, सर्टिफिकेट दुसऱ्या गावचे दिले" म्हणत संतापून आले होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता कुलपांकडे वळू.

संगणक इंजिनिअरिंगची बी.टेक. ही चार वर्षांची पदवी. हिच्यासाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय असलेच पाहिजेत. तिसरा विषय बहुधा रसायनशास्त्र असतो. त्याऐवजी जीवशास्त्र, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान असे काही विषयही चालतात. पण पहिल्या दोहोंना पर्याय नाही. या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गास ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात. ही अट ऐकली की पालकांना हायसे वाटते, कारण पंचेचाळीस टक्के तर आपल्या मुलालाही पडतील. परंतु ती केवळ उंबरठ्यावर पाय ठेवण्याची परवानगी झाली. जागा मिळते ती प्रवेश परीक्षेवर, म्हणजे एम.एच.टी.-सी.ई.टी.वर.

ही परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचे ५०. परंतु गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे एक पंचमांश भाग अकरावीचा असतो आणि उरलेला बारावीचा. अकरावीचे वर्ष "मौजेचे वर्ष" असे मानण्याची जी रीत पडली आहे, ती या एक पंचमांशाला सरळ नडते.

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. या परीक्षेत भौतिक व रसायनशास्त्राचे प्रश्न इंग्रजीखेरीज मराठी व उर्दूतही घेता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. ज्या विषयाला निम्मे गुण तोच परक्या भाषेत! आता आपल्या मुलाचा विचार करा. तो दहावीपर्यंत मुसल्लस, ज़ाविया, मुसावात असे शब्द वापरून गणित सोडवत आला. मराठी शाळेतला त्याचा शेजारी त्रिकोण, कोन, समीकरण म्हणत आला. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात दोघांच्या पुढ्यात ट्रँगल, अँगल, इक्वेशन येते. मुलाला गणित येत असते, प्रश्न काय विचारला आहे ते कळत नाही. तो ट्यूशनला मागे बसू लागतो आणि दिवाळीपर्यंत "अब्बा, मला गणित जमत नाही" असे घरी सांगून मोकळा होतो. माझ्या मते यातल्या निम्म्या मुलांना गणित अवघड नसते. शब्द अवघड असतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेज त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी सुरू होते. त्या सुट्टीत दीड-दोनशे इंग्रजी शब्द वहीत लिहून, प्रत्येकापुढे उर्दू वा मराठी शब्द लिहून पाठ केले, तर हा डोंगर बराच खाली येतो. आमच्या शाळेतील गणिताचे सर अशी वही करून घेतात. फी काही नाही. वही घरून आणावी लागते.

अशा सभांतून अल्‌-ख्वारिज्मीचे नाव हमखास घेतले जाते. नवव्या शतकात बगदादला काम केलेल्या या गणितज्ञाच्या ग्रंथाच्या नावावरून "अल्जिब्रा" हा शब्द आला आणि खुद्द त्याच्या नावावरून "अल्गोरिदम". संगणकाला काम सांगण्याच्या पायरीवार पद्धतीला अल्गोरिदम म्हणतात, आणि संगणकाच्या साऱ्या पदव्यांचा तो गाभा आहे. गोष्ट खरी आहे व अभिमानाची आहे. टाळ्याही पडतात. पण बारावीचे इंटिग्रेशन आपले आपल्यालाच सोडवावे लागते.

निकालाविषयीही एक गैरसमज आहे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ६० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे साठ त्याच्या बरोबरीला वा मागे आहेत आणि चाळीस पुढे. "साठ टक्के पडले, फर्स्ट क्लास" असे म्हणून मिठाई आणू नये, आणि शिव्याही देऊ नयेत. संगणक शाखेला सगळ्यांची झुंबड असते, त्यामुळे चांगल्या कॉलेजात तिची यादी सर्वांत वर बंद होते.

आता बी.एस्सी. संगणकशास्त्र. विज्ञान शाखेची बारावी येथे लागते. गणिताची अट कॉलेज आणि विषयांची जोडी पाहून तपासावी. पण अट असो वा नसो, अभ्यासात गणित आहेच. प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय येथे मुळातून शिकवले जातात. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजासारख्या जुन्या संस्थांपासून तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत ही सोय पोचली आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मानाने फी पुष्कळ कमी. ज्याला पुढे एम.एस्सी., एम.सी.ए. करून शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या मार्गाला जायचे आहे, त्याच्यासाठी मला ही वाट सर्वांत सरळ वाटते. आपल्याकडे तिला "साधी बी.एस्सी." म्हणतात. त्यात साधे काही नाही.

तिसरी बी.सी.ए. येथे बारावी कला, वाणिज्य वा विज्ञान, कोणतीही चालते, आणि म्हणूनच आपल्या मुला-मुलींचा मोठा ओढा इकडे आहे. उपयोगाच्या अंगाने शिकवणे, म्हणजे वेबसाइट, मोबाइल अॅप, डेटाबेस, हिशेबाची प्रणाली, असा तिचा रोख असतो. पूर्वी बारावीची गुणपत्रिका घेऊन कॉलेजात गेले की प्रवेश मिळे. २०२४-२५ पासून बी.सी.ए. व बी.बी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे ए.आय.सी.टी.ई.च्या कक्षेत आले आणि राज्य सी.ई.टी. कक्षाने २०२४ साली त्यांच्यासाठी पहिल्यांदा प्रवेश परीक्षा घेतली. ती १०० प्रश्नांची होती. इंग्रजी, तर्क व अंकगणित, सामान्यज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती असे तिचे भाग होते, आणि सर्वांत जास्त वजन इंग्रजीला होते. त्या वर्षी कित्येकांना अशी परीक्षा आहे हेच ठाऊक नव्हते. पहिल्या परीक्षेनंतर जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच वर्षी ती पुन्हा घ्यावी लागली. हिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही. तो निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. दोन महिने झोपून राहून निकालाच्या दिवशी धावपळ करणाऱ्यांसाठी ही परीक्षा नाही.

परीक्षा आल्यावर काही कॉलेजांनी मिळत्याजुळत्या अभ्यासाला बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या छत्राखाली नवी नावे दिली, म्हणजे सी.ई.टी.ची गरज उरत नाही. त्यात बेकायदेशीर काही आहे असे मी म्हणत नाही. परंतु पालकांनी विचारावे : या पदवीवर नेमके काय छापून येणार? विद्यापीठाची मान्यता कोणत्या नावाने आहे? ती पुढे एम.सी.ए.च्या प्रवेशाला चालते काय? ही तीन उत्तरे कॉलेजच्या लेखी पत्रकावर असावीत, ऑफिसातल्या माणसाच्या तोंडी असून चालणार नाही.

येथेच दुसरा एक घोटाळा दूर करतो. एम.एस.-सी.आय.टी. ही पदवी नव्हे. २००१ साली सुरू झालेले ते संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र आहे, नोकरीसाठी ते उपयोगीही पडते, पण ते केले म्हणजे मूल "कॉम्प्युटर लाइनला लागले" असे नाही. आणि गल्लीबोळांतून "सॉफ्टवेअर इंजिनिअर डिप्लोमा, एक वर्ष, नोकरीची हमी" असे जे फलक लागतात, त्यांच्याकडे पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र मागा. पत्र दाखवायला जो खळखळ करील त्याच्या जिन्यावरूनच परत फिरा.

चौथी वाट पॉलिटेक्निकची. ही पदवी नसून पदविका आहे. परंतु पदवीकडे जाणारा हा एक चांगला रस्ता असूनही आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. दहावीनंतर संगणक शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. दहावीला ३५ टक्के ही किमान पात्रता. अर्थात शासकीय पॉलिटेक्निकात संगणक शाखा हवी तर गुण चांगलेच लागतात. डिप्लोमा झाला की बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि त्यासाठी एम.एच.टी.-सी.ई.टी. द्यावी लागत नाही. हिशेब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन आणि बी.टेक.ची चार मिळून सहा वर्षे. डिप्लोमाची तीन आणि बी.टेक.ची उरलेली तीन मिळून तीही सहाच. फरक इतकाच, की मधेच घरावर प्रसंग आला, वडिलांचे काम सुटले, तर बारावी झालेल्या मुलाच्या हाती काही नसते आणि डिप्लोमावाल्याच्या हाती नोकरीचा कागद असतो. रोजावर चालणाऱ्या घरांनी या वाटेचा आधी विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा हुशार असला तरीही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे "आता डिग्री चार वर्षांची झाली म्हणे" अशी हाकाटी आहे. खरा प्रकार असा. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही हे धोरण लागू झाले. बी.एस्सी.सारख्या पदवीत एक वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. चौथे वर्ष सक्तीचे नाही. मात्र "एक वर्षानंतर प्रमाणपत्र मिळते" याचा अर्थ एका वर्षाने मुलीचे शिक्षण थांबवायला हरकत नाही असा कोणी काढू नये. बाहेर पडण्याचे दार मागे परत येण्यासाठी ठेवले आहे.

आता पुन्हा त्या रकान्याकडे येतो.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला, तेव्हा जळगाव-धुळ्यालाही कॉलेजात जाऊन ओळखीने प्रवेश घेण्याचे दिवस गेले. शाखा अर्जातच लिहावी लागते. विज्ञान शाखेत इंग्रजी, एक भाषा आणि चार विषय असा सर्वसाधारण साचा. भौतिक आणि रसायन घेतल्यावर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. परंतु आपल्या समाजात डॉक्टरकीचे वेड मोठे. मूल दहावीला ऐंशीच्या वर गेले की "नीट द्यायची आहे, गणिताचे ओझे कशाला" असे म्हणून गणित टाकतात आणि त्याजागी भूगोल किंवा मानसशास्त्र घेतात. दोन वर्षांनी नीटच्या निकालात नंबर लागत नाही. मग तेच वडील तीच पिशवी घेऊन व्हरांड्यात येतात : "सर, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला टाकू." तेव्हा मला सांगावे लागते, की ते दार दोन वर्षांपूर्वी आपणच बंद केले आहे. मूल समोर मान खाली घालून उभे असते. दोष त्याचा नसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : डॉक्टर व्हायचे असेल त्यानेही, झेपत असेल तर, गणित ठेवावे. चारही विषय जड जातात हे मला मान्य आहे. ज्याला खरोखर जमणार नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये. परंतु निर्णय मुलाची दहावीची गणिताची उत्तरपत्रिका आणि त्याचा कल पाहून व्हावा, मोहल्ल्यात कोणाचा मुलगा एम.बी.बी.एस.ला लागला यावरून होऊ नये. आणि जो पहिल्यापासून संगणकाचेच नाव घेतो, त्याने भौतिक, रसायन, गणित घेऊन चौथा विषय म्हणून माहिती तंत्रज्ञान पाहावा. काही कनिष्ठ महाविद्यालयांत संगणकशास्त्राचा २०० गुणांचा बायफोकल विषय असतो. त्याच्या जागा थोड्या असतात. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सुटतो. म्हणजे बहुधा उर्दू किंवा मराठी आणि जीवशास्त्र जाते. अभ्यासाच्या दृष्टीने तो उत्तम आहे. फक्त त्यापायी घरातून उर्दूचे किंवा मराठीचे वाचन सुटू देऊ नका. भाषेचा शिक्षक म्हणून एवढे बोलण्याचा मला हक्क आहे.

वाणिज्य शाखेतही गणित घेता येते. ते घेतलेल्यास बी.सी.ए.चा अभ्यास सोपा जातो. पण भौतिकशास्त्र नसल्यामुळे बी.टेक. होत नाही, हे आधीच समजून असावे.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचा उल्लेख केला पाहिजे. १९९८ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले हे केंद्रीय विद्यापीठ. तेथे संगणकशास्त्राची बी.टेक. आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. उर्दू माध्यमातून किंवा उर्दू विषय घेऊन शिकलेल्यांनाच तेथे प्रवेश मिळतो. जळगावहून हैदराबाद दूर आहे, पण मालेगाव दूर नाही. तेथील मन्सूरा परिसरात मौलाना मुख्तार अहमद नदवी यांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या अशा कॉलेजांत समाजातील मुलांसाठी राखीव जागा असतात. मात्र सी.ई.टी. तेथेही द्यावी लागते. मुंबईला भायखळ्याचे साबू सिद्दीक कॉलेज याच प्रकारचे आहे.

मुलींच्या बाबतीत पालकांचा प्रश्न पदवीचा नसतो, अंतराचा असतो. शिरपूरला रोज बसने कशी पाठवायची, होस्टेलवर कशी ठेवायची. या काळजीला हसण्यात अर्थ नाही. पण अंतरावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे गावातली बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. टीसीएस, विप्रो यांसारख्या कंपन्या या पदवीधरांसाठीही स्वतंत्र भरती करतात, तेव्हा ती कमी प्रतीची समजू नये. दुसरा म्हणजे आय.आय.टी. मद्रासने २०२१ साली सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी. दहावीला गणित व इंग्रजी असलेली, बारावी झालेली कोणत्याही शाखेची विद्यार्थिनी तिच्या पात्रता फेरीला बसू शकते. अभ्यास घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. उत्पन्न कमी असल्यास फीमध्ये मोठी सवलत आहे. अभ्यास कठीण आहे आणि सगळा इंग्रजीत आहे, हेही सांगून ठेवतो. स्वयंपाकघरातले काम उरकून उरलेल्या वेळात ही पदवी होत नाही. घरच्यांनी मुलीला रोज चार तास आणि एक कोपरा मोकळा करून द्यावा लागेल.

पैशाविषयी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. म्हणून कोणी "आता जागा पक्की करून टाका, फेरीच्या भरवशावर राहू नका" असा आग्रह करू लागला, तर दोन दिवस थांबा. फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जेथे खरोखर जायचे आहे. कारण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते, नाही घेतले तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. आणि अर्जावर मोबाइल नंबर आपला द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्याच्या फोनवर आणि तो लग्नाला गेलेला, असे झाल्याने शेवटचा दिवस हुकलेला मी पाहिला आहे.

मुलांसाठी, खुल्या वर्गात असल्यास, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि बँक खाते आधारशी जोडलेले लागते.

शेवटचा मुद्दा दाखल्यांचा, आणि आमचे सर्वांत जास्त प्रवेश येथेच अडतात. आपल्यातील पिंजारी, बागवान, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागास वर्गात येतात. यावल, रावेर, चोपड्याकडील तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत. पण व्यावसायिक प्रवेशाला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि इतर मागास वर्गाला त्यासोबत नॉन-क्रीमी लेयरही. पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात; जमातीच्या बाबतीत तर १९५० पूर्वीचा. हा पुरावा म्हणजे बहुधा आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात पुष्कळदा केवळ "मुसलमान" लिहिलेले असते. मग दुसऱ्या भावाचा, आत्याचा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा शोधावा लागतो. या कामाला महिने लागतात. ज्यांचे मूल यंदा अकरावीत आहे त्यांनी आताच सुरुवात करावी. मूळ गाव परजिल्ह्यात असेल तर ईदला जाल तेव्हा शाळेत चौकशी करून या. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांची कार्यालये बंद असतात, आणि जुन्या रजिस्टरांची किल्ली एकाच शिपायाकडे असते. त्याचा नंबर घेऊन ठेवावा.